अर्धे बटण, दुप्पट पाणी

शौचालयातील फ्लशच्या टाकीवर आता बहुतेक घरांत दोन बटणे दिसतात; एक लहान, एक मोठे. लघवीनंतर लहान बटण दाबावे, अर्धेच पाणी सुटावे आणि तेवढ्यात काम भागावे, अशी ही योजना. परंतु अनेक घरांत लहान बटण नावापुरतेच उरलेले असते. ते दाबले की पाणी क्षीणपणे खळखळते, भांड्यातील पिवळसर छटा तशीच राहते आणि हात पुन्हा बटणाकडे वळतो. काही घरांत तर पाहुण्यांनाही बजावले जाते, ‘लहान बटण चालत नाही, मोठेच दाबा.’

दोष किरकोळ वाटतो, म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. त्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. चार माणसांचे घर घेऊ. प्रत्येकाने दिवसातून चार वेळा अर्धा आणि एकदा पूर्ण फ्लश वापरला, असे धरू. टाकी ६ व ३ लिटरची असेल तर अर्ध्या फ्लशचे १६ वेळचे ४८ लिटर आणि पूर्ण फ्लशचे ४ वेळचे २४ लिटर, मिळून ७२ लिटर पाणी लागते. अर्धा फ्लश कमजोर पडून तो प्रत्येक वेळी दोनदा दाबावा लागला, किंवा कंटाळून सगळेच मोठे बटण दाबू लागले, तर हाच आकडा १२० लिटरवर जातो. म्हणजे रोजचे ४८ लिटर आणि महिन्याचे सुमारे १४४० लिटर पाणी निष्कारण वाहून जाते. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरलेले आहे. त्या प्रमाणाशी ताडून पाहिल्यास या गळतीचे मोल ध्यानात येते.

गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांवर आणि वसाहतींत टँकरची वाट पाहावी लागते. फ्लशमधून जाणारे पाणी हे साळावली, ओपा किंवा अस्नोडा येथे गाळून, शुद्ध करून आणि पंपाने चढवून घरापर्यंत आणलेले पिण्यायोग्य पाणीच असते. ते वाचवण्यासाठी बसवलेले बटण उलट जास्त पाणी खर्च करू लागले, तर ते दुरुस्त करणे हे घरातले एक महत्त्वाचे काम ठरते. हे काम बहुतेक वेळा अर्ध्या तासाचे असते आणि त्यासाठी नवी टाकी विकत घेण्याची गरज क्वचितच पडते.

दोन बटणांची कल्पना कुठली?

दोन मापांच्या फ्लशला व्यवहारात स्थिर रूप मिळाले ते ऑस्ट्रेलियात. तो कोरड्या हवामानाचा देश. तेथील कॅरोमा या कंपनीत काम करणाऱ्या ब्रूस थॉम्पसन यांनी १९८०च्या सुमारास दोन बटणांची टाकी सिद्ध केली. तिच्यात पूर्ण फ्लशला ११ लिटर आणि अर्ध्या फ्लशला साडेपाच लिटर पाणी लागत असे. पुढे ही मापे ६ आणि ३ लिटरपर्यंत खाली आली. तसे करताना केवळ टाकी लहान करून भागले नाही. इतक्या कमी पाण्यात स्वच्छ होईल असे भांडेही नव्याने घडवावे लागले.

हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. आपल्या बाजारात १० व ५ लिटरच्या टाक्या अनेक वर्षे विकल्या गेल्या आणि आता ६ व ३ लिटरच्या टाक्या सर्रास मिळतात. जुनी टाकी बिघडली की आपण फक्त टाकी बदलतो; खालचे भांडे मात्र १० लिटरच्या काळातलेच राहते. मग ३ लिटर पाण्यात ते स्वच्छ होत नाही. अशा ठिकाणी टाकी आणि भांडे दोन्ही आपापल्या जागी ठीक असतात, फक्त त्यांची जोडी विजोड असते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपल्या घरी अशी जोडी आहे का, हे आठवून पाहावे.

आधी एक बादली पाणी

दोष टाकीत आहे की भांड्यात, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. भांड्यातील साठलेल्या पाण्यात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब टाकावेत. मग लहान बादलीत ३ लिटर पाणी मोजून घ्यावे आणि ते कमरेच्या उंचीवरून, एका दमात पण शिंतोडे न उडवता, भांड्यात ओतावे.

निळा रंग जवळजवळ पूर्ण गेला आणि भांड्यात स्वच्छ पाणी उरले, तर भांडे आणि पुढची नळी यांत काही दोष नाही. टाकीतून पुरेसे पाणी येत नाही किंवा ते भांड्यात नीट पसरत नाही. बादलीच्या पाण्यानेही रंग गेला नाही, तर ३ लिटर पाणी त्या भांड्याला अपुरे आहे. आणि ओतलेले पाणी वर चढून मग सावकाश उतरू लागले, तर अडथळा पुढे, सांडपाण्याच्या वाटेवर आहे. या तीन उत्तरांवर पुढची सगळी दिशा ठरते.

अर्ध्या फ्लशकडून अपेक्षा किती ठेवावी, हेही येथेच स्पष्ट करायला हवे. भांड्यातील रंगीत पाणी घालवून त्या जागी स्वच्छ पाणी आणणे आणि भिंती ओल्या करणे, एवढेच त्याचे काम आहे. मल वाहून नेणे हे त्याचे काम नाही. कागदाचे बोळे त्याने जावेत अशी अपेक्षाही अवास्तव आहे.

टाकीच्या आत काय घडते?

टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी भिंतीजवळचा अँगल कॉक बंद होतो की नाही, हे पाहून घ्यावे. कित्येक वर्षे न फिरवलेला कॉक घट्ट बसलेला असतो. त्यावर जोर करू नये, कारण तो तुटला तर घरभर पाणी होईल. तो फिरत नसेल तर त्या नळाला पाणी देणारा वरचा व्हॉल्व्ह बंद करावा. चिनीमातीचे झाकण जड आणि नाजूक असते. पुष्कळ टाक्यांत बटणाभोवतीची कडी फिरवून काढली की मगच झाकण सुटते. काढलेले झाकण जमिनीवर जाड कापडावर आडवे ठेवावे. भिंतीला टेकवून ठेवलेले झाकण घसरून फुटते.

आत दोन यंत्रणा दिसतात. एका बाजूला पाणी भरणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला जोडलेला फ्लोट पाणी ठरावीक उंचीला पोहोचताच नळ बंद करतो. मधोमध खांबासारखा उभा असतो तो फ्लश व्हॉल्व्ह. त्याच्या तळाशी रबराची चकती असते, ती टाकीचे भोक झाकून ठेवते. मध्ये पोकळ नळी असते. पाणी प्रमाणाबाहेर चढले तर ते या नळीवाटे भांड्यात उतरते. तिला ओव्हरफ्लो नळी म्हणतात.

बटण दाबले की ही नळी चकतीसह उचलली जाते आणि पाणी सुटते. ती उचललेली कधी खाली बसावी, यावर किती पाणी जाईल हे ठरते. मोठे बटण दाबले असता पाणी तळाच्या जवळ येईपर्यंत नळी वरच राहते. लहान बटण दाबले असता खांबाच्या बाजूला बसवलेला छोटा फ्लोट कामाला लागतो. पाणी त्याच्या उंचीपर्यंत उतरले की त्याचा आधार सुटतो, तो खाली येतो आणि भोक लवकर बंद होते.

यातून एक गोष्ट उघड होते. लहान बटण ३ लिटर पाणी ‘मोजून’ देत नाही. ते फक्त एका ठरावीक पातळीला पाणी थांबवते. वरची पातळी आणि ही थांबण्याची पातळी यांच्यामध्ये जेवढे पाणी असेल, तेवढाच अर्धा फ्लश. अर्धा फ्लश आधी का बिघडतो आणि पूर्ण फ्लश बराच काळ का चालत राहतो, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

पहिला संशयित: पाण्याची पातळी

समजा, टाकी आतून ३५ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यातील पाण्याचा एक सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे अर्धा लिटर पाणी. अर्ध्या फ्लशचे ३ लिटर म्हणजे वरचे जेमतेम ६ सेंटिमीटर. आता टाकी २ सेंटिमीटर कमी भरत असेल, तर एक लिटर पाणी घटले. पूर्ण फ्लश ६ वरून ५ लिटरवर येतो, ही तूट फारशी जाणवत नाही. अर्धा फ्लश मात्र ३ वरून २ लिटरवर येतो, म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. शिवाय पाण्याची उंची कमी झाल्याने त्याचा जोरही ओसरतो.

म्हणून सर्वांत आधी पातळी पाहावी. टाकीच्या आतल्या भिंतीवर बहुधा पाण्याच्या पातळीची रेघ कोरलेली असते. ती नसेल तर ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरपर्यंत पाणी असावे. पातळी याहून खाली असेल तर पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा फ्लोट वर घ्यावा. नव्या व्हॉल्व्हमध्ये फ्लोटशेजारी प्लास्टिकचा लांब स्क्रू असतो. तो अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाणी किती चढते ते पाहावे. जुन्या बॉल कॉकच्या दांड्यावर स्क्रू असेल तर तो फिरवावा. पितळी दांडा असेल तर तो किंचित वर वाकवता येतो. पाणी ओव्हरफ्लो नळीत उतरू लागले तर पातळी जास्त झाली, असे समजून ती पुन्हा थोडी खाली आणावी.

पातळी कमी असण्यामागे कधी कधी आपलाच काटकसरीचा प्रयोग असतो. कुणी फ्लोट खाली दाबून ठेवलेला असतो, तर कुणी टाकीत पाण्याने भरलेल्या बाटल्या उभ्या केलेल्या असतात. एका बटणाच्या जुन्या, मोठ्या टाकीत बाटलीचा उपयोग होत असे. दोन बटणांच्या टाकीत एक लिटरची उभी बाटली टाकीच्या पसाऱ्याचा सुमारे दहावा हिस्सा व्यापते; दोन बाटल्या ठेवल्या की अर्ध्या फ्लशमधील पाचवा हिस्सा पाणी कमी झाले. विटेची गोष्ट आणखी वेगळी. फ्लश झाल्यावरही टाकीच्या तळाशी थोडे पाणी उरतेच; वीट त्या पाण्यातच बुडून राहिली तर बचत जवळजवळ शून्य, आणि विटेचा चुरा रबरी चकतीखाली गेला की गळती मात्र सुरू. बाटल्या, विटा आणि दगड बाहेर काढणे हीच कित्येक टाक्यांची पहिली दुरुस्ती असते.

टाकी पूर्ण भरण्याआधीच ती पुन्हा वापरली जात असेल, तरीही फ्लश कमजोर वाटतो. छतावरच्या टाकीचे पाणी वरच्या मजल्यावर कमी दाबाने येते. त्यातच भरणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने बुजली, तर टाकी भरायला दहा-दहा मिनिटे लागतात. पावसाळ्यात गढूळ पाणी येऊन गेल्यावर हा त्रास हमखास वाढतो. कॉक बंद करून नळी सोडवावी, जाळी काढावी, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवावी आणि परत बसवावी.

पाणी किती सुटते, ते मोजावे

पातळी ठीक असूनही फ्लश कमजोर असेल, तर आता माप घ्यावे. अंदाजाने फ्लोट वरखाली करण्यात वेळ जातो. टाकी पूर्ण भरू द्यावी, अँगल कॉक बंद करावा आणि पाण्याच्या पातळीला आतल्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. लहान बटण एकदा दाबून सोडावे. मग लिटरच्या बाटलीने टाकीत पाणी ओतत ते पुन्हा खुणेपर्यंत आणावे. जेवढ्या बाटल्या लागल्या, तेवढा आपला अर्धा फ्लश. मोठ्या बटणाचे मापही याच रीतीने घेता येते.

माप २ लिटर किंवा त्याहून कमी निघाले तर छोटा फ्लोट खाली सरकवावा. येथे पुष्कळांची गल्लत होते, कारण जास्त पाणी हवे म्हणून फ्लोट वर घ्यावा असे स्वाभाविकपणे वाटते. परंतु पाणी वरून खाली उतरत असते. फ्लोट जितका खाली, तितके पाणी त्याच्यापर्यंत यायला उशीर, आणि तितका उशीर भोक बंद व्हायला. म्हणून फ्लोट खाली घेतला की पाणी वाढते आणि वर घेतला की घटते. पुष्कळ खांबांवर अधिक आणि उणे अशा खुणा किंवा आकडे असतात, त्यांचा आधार घ्यावा. काही टाक्यांत फ्लोटऐवजी सरकती पट्टी किंवा फिरणारी चकती असते. तिची दिशा कंपनीगणिक वेगळी असते. अशा वेळी एक घर सरकवून पुन्हा माप घेणे हाच खात्रीचा मार्ग.

फ्लोटपर्यंत बोटे पोहोचत नसतील तर संपूर्ण खांब बाहेर काढता येतो. टाकी रिकामी करून खांब तळाशी धरावा आणि पाव फेरा फिरवून वर उचलावा. बहुतेक खांब डावीकडे फिरवल्यावर सुटतात. बसवताना खाचेत बसल्याचा आवाज किंवा अटकाव जाणवला पाहिजे. अर्धवट बसलेला खांब पुढे गळतो.

एका वेळी एकच घर सरकवावे, माप घ्यावे, निळीची परीक्षा करावी. रंग पूर्ण जातो ते सर्वांत कमी माप, तेच आपल्या भांड्याचे खरे अर्धे. ते ३ लिटरच असेल असे नाही. जुने भांडे असेल तर ते साडेतीन किंवा चार लिटरही निघेल, आणि ते मनात किंतू न बाळगता स्वीकारावे. वरच्याच घराचा हिशेब पुन्हा करून पाहू. अर्धा फ्लश साडेतीन लिटरचा केला तर १६ वेळचे ५६ आणि पूर्ण फ्लशचे २४ मिळून ८० लिटर होतात. दोनदा दाबण्याच्या सवयीत १२० लिटर जात होते. प्रत्येक वेळी अर्धा लिटर जास्त सोडून दिवसाचे ४० लिटर वाचले. कमी पाण्याचा हट्ट आणि पाण्याची बचत या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या हिशेबातून दिसते.

बटण आणि दांड्या

पातळी बरोबर, फ्लोटही बरोबर, तरी पाणी येते ते थांबत-थांबत किंवा फार थोडे. अशा वेळी झाकण बाजूला ठेवून खांबाच्या माथ्यावरचा लहान फ्लशचा भाग बोटाने थेट दाबून पाहावा. असा दाबल्यावर पाणी जोमाने सुटले, तर दोष बटणाच्या जोडणीत आहे.

बटणाखाली एक किंवा दोन प्लास्टिकच्या दांड्या असतात. दांडी आखूड पडली तर बटण पूर्ण दाबूनही चकती पुरती उचलली जात नाही आणि ती लगेच खाली बसते. दांडी फिरवून थोडी लांब करावी. ती इतकीही लांब नसावी की झाकण बसवताच चकती कायमची उचलली जाईल. मग टाकीतून पाण्याची धार अखंड वाहत राहते. बटण न दाबता दांडी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर मोकळीक राहिली की पुरे.

पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत झाकण उलटे फिरवून बसवल्यामुळे बटणांची अदलाबदल झालेली असणेही शक्य आहे. लहान बटण दाबल्यावर पूर्ण टाकी रिकामी होते आणि मोठे दाबल्यावर अर्धी, असे दिसले तर झाकण किंवा बटणाची कडी योग्य दिशेने फिरवून बसवावी. यात खर्च काहीच नाही.

न दिसणारी गळती

सकाळचा पहिला अर्धा फ्लश कमजोर आणि नंतरचे ठीक, असे होत असेल तर चकतीतून रात्रभर गळती होत असण्याचा संभव मोठा. ज्या वसाहतींत नळाला ठरावीक तासच पाणी येते, तेथे गळून गेलेले पाणी लगेच भरून निघत नाही. पातळी खाली येते आणि पहिला फटका अर्ध्या फ्लशला बसतो. टाकीतील पाण्यात निळीचे काही थेंब टाकून अर्धा तास बटणाला हात लावू नये. भांड्यात निळसर झाक उतरली तर गळती आहे.

गळती असली म्हणजे चकती बदलावीच लागते असे नाही. आपल्याकडील जांभ्या जमिनीतील विहिरींच्या पाण्यात लोह असते. त्याचा तांबूस, बुळबुळीत थर चकतीवर आणि तिच्या बैठकीवर साचतो. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे कठीण पाणी वापरणाऱ्या घरांत हाच थर पांढरा आणि खरखरीत असतो. चकती काढून मऊ कापडाने दोन्ही बाजू पुसाव्यात. रबर कडक झाले असेल, त्याला चीर गेली असेल किंवा कड वाकडी झाली असेल, तरच नवी चकती घ्यावी. दुकानात जाताना जुनी चकती सोबत न्यावी, कारण एका कंपनीची चकती दुसरीच्या खांबाला बसेलच असे नाही. टाकीच्या पाण्यात आम्ल किंवा जंतुनाशक गोळ्या टाकण्याचा मोह टाळावा. त्यांनी रबर लवकर खराब होते.

भांड्याच्या कडेखाली

बादलीच्या परीक्षेत भांडे उत्तीर्ण झाले, टाकीतूनही पुरेसे पाणी सुटते, तरी भांड्यात धार एकाच बाजूने येते, अशी तक्रार असेल तर भांड्याच्या कडेखाली आरसा धरून पाहावे. तेथे ओळीने बारीक छिद्रे असतात. क्षार आणि लोह यांनी ती बुजली की पाणी चहूबाजूंनी न फिरता एका कोपऱ्यातून घरंगळते. पूर्ण फ्लशचा लोंढा त्यातूनही कसाबसा मार्ग काढतो; अर्ध्या फ्लशला ते जमत नाही.

व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या द्रावणात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या रात्री कडेखाली दाबून ठेवाव्यात. सकाळी जुन्या ब्रशने घासून, प्लास्टिक चढवलेल्या तारेने छिद्रे मोकळी करावीत. उघडी लोखंडी तार चिनीमातीवर ओरखडे पाडते आणि त्या ओरखड्यांत पुढे डाग धरतात. हातात रबरी मोजे असावेत. एक इशारा मात्र विसरू नये: शौचालय साफ करायचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम द्रव कधीही एकत्र वापरू नयेत. त्यांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पुढची वाट अडली असेल तर

बादलीचे पाणी वर चढून सावकाश उतरत असेल, मोठे बटण दाबल्यावरही तेच घडत असेल, तर टाकीशी खेळण्यात अर्थ नाही. गोव्यातील पुष्कळ घरांचे सांडपाणी सेप्टिक टाकीतून शोषखड्ड्यात जाते. मुसळधार पावसात भूजल वर आले की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो आणि घरातला फ्लश मंदावतो. जून ते सप्टेंबर या काळात मंद आणि दिवाळीनंतर ठीक, असा क्रम दिसला तर कारण तिथेच शोधावे. बाराही महिने मंद असेल तर सेप्टिक टाकी भरली आहे का, हे पाहून ती उपसण्याची व्यवस्था करावी. ती टाकी स्वतः उघडून कुणीही आत उतरू नये. तिच्यातील विषारी वायूंनी माणसे क्षणात दगावतात.

फ्लश करताना शेजारच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर हवा खेळती ठेवणारी उभी नळी बुजली असण्याचा संभव आहे. तिच्या माथ्यावरील डासांच्या जाळीत पालापाचोळा आणि कोळिष्टके अडकतात. हवा आत आली नाही की पाणी मोकळेपणी पुढे सरकत नाही. छतावर चढून जाळी साफ करणे हे काम ज्याला सवय आहे त्यानेच करावे.

भिंतीत दडलेली टाकी

नव्या सदनिकांत टाकी भिंतीच्या आत असते आणि बाहेर फक्त दोन बटणांची पट्टी दिसते. तेथे फ्लश कमजोर झाला की फरशा फोडाव्या लागतील, अशी धास्ती लोक घेतात. ती अनाठायी आहे. बटणांची पट्टी हाच त्या टाकीचा दरवाजा. ती वर सरकवून किंवा खालचे स्क्रू काढून निघते. आत एक संरक्षक झडप असते, ती काढली की भरणारा व्हॉल्व्ह आणि फ्लश व्हॉल्व्ह दोन्ही हाती येतात. छोटा अँगल कॉकही बहुधा आतच असतो. पातळी, फ्लोट, दांड्या आणि चकती यांची तपासणी वर सांगितलेल्या क्रमानेच करावी. पट्टीच्या मागील दोन दांड्यांची लांबी मात्र काळजीपूर्वक जुळवावी, कारण नव्या पट्टीनंतर येणाऱ्या बहुतेक तक्रारी तिथेच उगम पावतात.

कारागीर कधी बोलवावा?

कॉक फिरत नसेल, खांबाचा तळ सैल झाला असेल, टाकी आणि भांडे यांच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल किंवा चिनीमातीला तडा दिसत असेल, तर प्लंबरला बोलवावे. तो आल्यावर ‘फ्लश चालत नाही’ एवढेच सांगू नये. लहान बटणाला किती लिटर पाणी येते, पातळी कुठे आहे, बादलीच्या परीक्षेत काय दिसले, निळीचा रंग भांड्यात उतरला का, हे सांगावे. इतकी माहिती हाताशी असली की पूर्ण टाकी बदलण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही, आणि दिला गेलाच तरी त्याचे कारण विचारता येते.

दुरुस्ती झाल्यावर घरातील प्रत्येकाला नवे बटण दाबून दाखवावे. वर्षानुवर्षे मोठ्या बटणाकडे जाणारा हात आपोआप लहान बटणाकडे वळत नाही. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना एकदा पाणी स्वच्छ झालेले दिसले की विश्वास बसतो. दर सहा महिन्यांनी, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, झाकण उघडून पातळी पाहावी आणि निळीची परीक्षा करावी. येत्या उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी झाले, तर त्या एका सेंटिमीटरचा हिशेब आधीच झालेला असेल.